उपाशीपोटी एकशे एकाहत्तर

बाबा : दादाचं एक पत्र आलं होतं. अडीच वर्षं झाली. मी त्याला उत्तर दिलं नाही.

लेक : मी विचारलं काय आणि तुम्ही सांगताय काय! हे शुगरचं मशीन बघा. एकशे अडुसष्ट. तेही उपाशीपोटी. रात्री काय खाल्लंत?

बाबा : तेच सांगतोय. पत्रात हेच होतं.

लेक : काय, एकशे अडुसष्ट?

बाबा : त्याचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे असायचा. पण प्रश्न हाच. 'रात्री काय खाल्लंत?' त्याचा मुलगा विचारायचा त्याला, रोज सकाळी.

लेक : मोठ्या काकांची गोष्ट वेगळी. उभा जन्म बेकरीत गेला. चारी बाजूंनी केक नि क्रीम. तुमच्या चारी बाजूंनी पुस्तकं. ती कुरतडत असाल तर तेही सांगून टाका.

बाबा : काल मी फक्त वाटीभर सूप घेतलं.

लेक : ते मी पाहिलं. मी झोपल्यानंतरचं विचारतेय.

बाबा : तू झोपल्यावर मीही झोपलो.

लेक : बाबा, वजनमापं तपासायच्या खात्यात मला एकोणीस वर्षं झाली. ज्या दुकानात जाते तिथला दुकानदार पहिलं वाक्य हेच बोलतो. 'मी काही केलं नाही मॅडम, काटाच तसा दाखवतो.'

बाबा : आणि खरंच काटाच तसा दाखवतो, असं कधी निघतं का?

लेक : शंभरात तीनदा.

बाबा : मग मला त्या तिघांत धर.

लेक : बिस्किटांच्या डब्यात काल सतरा होती. आज सोळा आहेत.

बाबा : एका बिस्किटाने एवढी चढेल?

लेक : तो मुद्दा नाही. म्हणजे... ते बहुतेक मीच खाल्लं, चहाबरोबर. पण तो मुद्दा नाही!

बाबा : नाही नाही, तुझं बरोबर असेल. मीही रात्री पडल्या पडल्या तोच विचार करत होतो. मी झोपेत उठून खात असलो तर?

लेक : काय?

बाबा : वाचलंय मी. माणसं झोपेत उठतात, स्वयंपाकघरात जातात, खातात, तोंड पुसून परत येऊन झोपतात. सकाळी विचारलं तर शपथेवर नाही म्हणतात. आणि खोटं बोलत नसतात, त्यांना माहीतच नसतं.

लेक : आधी तुमचं वाचन बंद करायला हवं.

बाबा : तू काट्यांना लावतेस ना, ती तार आणि शिशाचा शिक्का. तो आज रात्री स्वयंपाकघराच्या दाराला लाव.

लेक : वेड लागलंय का बाबा? सरकारी शिक्का आहे तो. घराच्या दाराला लावायचा असतो होय?

बाबा : बाद झालेला एखादा असेल की.

लेक : त्यापेक्षा कुलूप लावते.

बाबा : कुलपाची किल्ली तू कुठे ठेवशील ते मला माहीत आहे. मला माहीत आहे म्हणजे झोपेतल्या मलाही माहीत असणार.

लेक : तुमच्यावर एवढा अविश्वास मीसुद्धा दाखवला नव्हता.

बाबा : तू चांगली आहेस गं. पण लाव.

•

लेक : बाबा, बोट पुढे करा. झालं. घाबरलात काय एवढे, टोचून झालंसुद्धा.

बाबा : टोचण्याला घाबरत नाही. किती?

लेक : एकशे एकाहत्तर.

बाबा : वाढली. शिक्का?

लेक : बघितला. भिंग लावून बघितला. शाबूत आहे.

बाबा : तार?

लेक : तारेला हातसुद्धा लागलेला नाही. आणि आता रागावू नका, मी तुमची खोलीही तपासली. उशीखाली शब्दकोश सापडला. खाण्यासारखं काही नाही.

बाबा : म्हणजे मी खात नाही.

लेक : नाही.

बाबा : झोपेतही नाही.

लेक : झोपेतही नाही! थांबा, एक राहिलं. दुकानदार निर्दोष सुटला की काटा तपासायचा. माझं बोट टोचते. ...एक्याण्णव. मशीन ठीक आहे. बाबा, मला तुमची माफी मागायला हवी.

बाबा : राहू दे. तू चार महिनेच विचारलंस. दादाला त्याच्या मुलाने किती विचारलं असेल!

लेक : ते पत्र आहे का अजून?

बाबा : शब्दकोशात. 'स' पाशी.

लेक : माझ्या हाताखालून गेलं की ते! मी कोश चाळून तसाच परत ठेवला. कुठे... हं. वाचू का मोठ्याने?

बाबा : वाच. मला पाठ आहे, पण वाच.

लेक : 'धाकट्या, इथे मला कुणी खरं मानत नाही. सकाळची शुगर चढलेली निघते आणि पोरगा म्हणतो, भट्टीपाशी असता तेव्हा तुम्ही येता जाता तोंडात टाकता. मी टाकत नाही. त्याने मागच्या भट्टीच्या खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. पंचेचाळीस वर्षं पहाटे तीनला उठून मी भट्टी पेटवली. आताही तीनलाच जाग येते. उठतो आणि खाटेवर बसून राहतो. तुला सगळे शहाणा समजतात. तू पोराला एक ओळ लिही, की तुझा बाप खोटं बोलत नाही. जास्त नको, एकच लिही. फोन करू नकोस, मला नीट ऐकू येत नाही आणि फोन त्याच्याच खिशात असतो. तुझा दादा.' ...बाबा, आणि तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत?

बाबा : मला खात्री नव्हती.

लेक : कशाची?

बाबा : तो खात नसेल याची. बेकरीतला माणूस, तू म्हणालीसच की मघाशी. मी जन्मभर ग्रंथालयात नोंदी केल्या. पुस्तक हातात घेतल्याशिवाय नोंद करायची नाही, असा शिरस्ता. न पाहिलेल्या गोष्टीखाली सही कशी करू?

लेक : मग 'मला माहीत नाही' एवढं तरी कळवायचं.

बाबा : कळवणारच होतो. चार वेळा लिहिलं. चारही वेळा वाचल्यावर ते 'तू खातोस' असंच वाटत होतं. पाचव्यांदा लिहायला बसलो तेव्हा वाटलं, आता फार उशीर झाला. आधी उशिराबद्दल लिहायला हवं. मग ते लिहीत बसलो.

लेक : गेल्या वर्षी मी कामासाठी तिकडे गेले होते तेव्हा काका पुढे दुकानात बसले होते, स्टुलावर. पावाच्या पिशव्यांना रबर लावत होते. मला वाटलं, वय झालं म्हणून पुढे बसतात.

बाबा : वय झालं म्हणून तो भट्टीपासून उठला नसता. तू दवाखान्यात फोन कर. साखर आली कुठून ते तरी कळू दे.

•

सिस्टर : या आजोबा, बसा. डॉक्टर अर्ध्या तासात येतील, तोवर मी बघून ठेवते. फोनवर सांगितलं होतं तसं लिहून आणलंत ना?

लेक : तीन दिवसांचं आहे. झोपताना, पहाटे तीनला आणि सकाळी सहाला. गजर लावून उठलो दोघं.

सिस्टर : अगंबाई, काय अक्षर आहे आजोबा! छापल्यासारखं. पहिला दिवस, एकशे चौतीस, एकशे अठ्ठावीस, एकशे एकाहत्तर. दुसरा, एकशे एकतीस, एकशे पंचवीस, एकशे सहासष्ट. तिसराही तसाच. आणि हे समासात काय लिहिलंय? 'शिक्का शाबूत'?

लेक : ते आमचं घरगुती आहे.

बाबा : मी खातो की काय, ते तपासत होतो.

सिस्टर : तुम्ही स्वतःलाच तपासत होतात? इथे येणारे शंभरजण मला फसवायला बघतात, आणि तुम्ही बरे निघालात! बरं, ऐका. पहाटे तीनचा आकडा मी मुद्दाम मागितला. तो खूप खाली गेलेला असता, सत्तरच्याही खाली, तर मी घाबरले असते. कधी कधी गोळीने किंवा इंजेक्शनने रात्री शुगर उतरते, मग शरीर घाबरून साखर सोडतं आणि सकाळी चढलेली दिसते.

बाबा : तसं होऊ शकलं असतं. मी रात्रीचं जेवण कमी केलंय. आठवड्यातून दोनदा नुसतं पाणी पितो.

लेक : काय? कधी? मी असते की जेवायला!

बाबा : तुला उशीर होतो तेव्हा. मी सांगायचो, जेवलो म्हणून.

लेक : म्हणजे खोटं बोलत होतात!

बाबा : हो. पण उलट्या बाजूने.

सिस्टर : आणि गोळी? गोळी घेत होतात उपाशीपोटी?

बाबा : गोळी नियमित घेतली. ती कशी चुकवू?

सिस्टर : धन्य आहे तुमची! हे डॉक्टरांना पहिलं सांगा. आणि आजपासून बंद. रात्रीचं जेवण लवकर घ्यायचं, बेताचं घ्यायचं, पण घ्यायचं. जेवणानंतर थोडं चालायचं. गोळी कमीजास्त करायची की वेळ बदलायची, ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही नाही, मी नाही आणि शेजारचे तर मुळीच नाहीत.

बाबा : पण न खाता साखर येते कुठून? मला तेवढंच कळत नाही.

सिस्टर : तुमच्याच लिव्हरमधून. लिव्हर म्हणजे कोठार समजा. पहाटे तीन-चारच्या सुमाराला शरीर उठायची तयारी करायला लागतं. तुम्ही घोरत असता तेव्हाच. काही रसायनं सुटतात, ती कोठाराला सांगतात, आता माणूस उठणार, कामाला लागणार, साखर सोड. ते सोडतं. माझंही सोडतं, ताईंचंही सोडतं. पण आमचं इन्सुलिन लगेच ती आवरून घेतं. तुम्हाला मधुमेह आहे, तुमचं पुरं पडत नाही. म्हणून तीनला ठीक असते आणि सहाला चढते.

बाबा : म्हणजे बेकरीसारखं.

सिस्टर : बेकरी?

बाबा : दुकान सातला उघडतं, पण भट्टी तीनला पेटवावी लागते. गिऱ्हाईक अजून झोपलेलं असतं.

सिस्टर : हां, अगदी तसंच. मी आता सगळ्यांना असंच सांगणार.

बाबा : सिस्टर, माझा मोठा भाऊ बेकरीवाला आहे. त्याचीही सकाळची अशीच चढते. म्हणजे तोही खात नव्हता.

सिस्टर : ते मी कसं सांगू? त्यांना बघितलं नाही, वही बघितली नाही. असेलही तुमच्यासारखं. खातही असतील. औषध कमी पडत असेल. आणि तपासतात कुठे ते? बेकरीत? बोटाला पिठीसाखर लागलेली असली तर मशीन तीही मोजतं. आधी साबणाने हात धुवायला सांगा. मग रात्रीचे हेच तीन आकडे काढायला सांगा आणि त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा.

बाबा : म्हणजे खात्री देता येत नाही.

सिस्टर : न बघता? नाही देता येत, आजोबा.

बाबा : बरोबर आहे. मीही तेच म्हटलं असतं.

लेक : सिस्टर, जाता जाता सांगते. तो कोपऱ्यातला तुमचा वजनकाटा दोनशे ग्रॅम पुढे आहे.

सिस्टर : तरीच! मी रात्रीचा भात सोडलाय महिनाभर!

•

लेक : झालं का लिहून? दाखवा. ...बाबा, ही तर चार पानं झाली.

बाबा : पाचवं राहिलंय. इन्सुलिनवरचं.

लेक : काकांनी एक ओळ मागितली होती. तुम्ही त्यांच्या मुलाला लिव्हरची आकृती काढून पाठवताय. खाली टीपही दिलीय!

बाबा : सिस्टर म्हणाल्या ते तूही ऐकलंस. न बघता खात्री देता येत नाही. मग जे खात्रीचं आहे तेवढंच लिहितोय.

लेक : आणि 'तुझा बाप खोटं बोलत नाही', ती ओळ?

बाबा : ती चौथ्या पानावर आहे. 'असे असण्याची बरीच शक्यता आहे' अशी.

लेक : तुमचा पुतण्या हे वाचून काकांना किल्ली देईल?

बाबा : नाही देणार.

लेक : मग?

बाबा : बस जरा. उभी राहिलीस की मला सांगता येत नाही.

लेक : बसले.

बाबा : मी सात वर्षांचा होतो, दादा बारा. घरात साखरेचा डबा असायचा वरच्या फळीवर. एकदा आईने काढला तर तळ दिसायला लागलेला. दादा म्हणाला, मी नाही खाल्ली. वडिलांनी त्याला अंगणात उभा केला. मारलाही. तो शेवटपर्यंत एकच म्हणत राहिला, मी नाही खाल्ली.

लेक : आणि काकांनी खाल्ली नव्हती?

बाबा : नव्हती.

लेक : ते तुम्हाला कसं ठाऊक?

बाबा : ठाऊक आहे.

लेक : बाबा!

बाबा : माळ्याच्या शिडीवर बसून वाचायचो मी. फळी हाताला यायची. पान उलटलं की चिमूटभर. चांगलं जाड पुस्तक होतं.

लेक : आणि काही बोलला नाहीत?

बाबा : मला कुणी विचारलंच नाही. पुस्तक वाचणारं पोर, त्याला काय विचारायचं! विचारलं असतं तर... नाही, तेही खात्रीने सांगता येत नाही.

लेक : काकांना माहीत आहे?

बाबा : त्याच रात्री माहीत होतं. माझ्या बाहीला साखर चिकटलेली होती. त्याने ती झटकली आणि पाठ करून झोपला. सदुसष्ट वर्षांत एकदाही काढलं नाही त्याने ते. पत्रातही नाही काढलं. नुसतं लिहिलं, तू एक ओळ लिही.

लेक : म्हणून तुम्हालाच लिहिलं त्यांनी.

बाबा : त्याने दुसऱ्या कुणाला का नाही लिहिलं, हे मला अडीच वर्षांपूर्वीच कळलं होतं गं. कळलं म्हणून तर लिहवेना.

लेक : पेन द्या इकडे. नाही, नको. तुम्हीच लिहा. ती चार पानं बाजूला ठेवा.

बाबा : हात धुवायचं आणि तीन आकड्यांचं तरी राहू दे त्यात. ते उपयोगाचं आहे.

लेक : ते वेगळ्या कागदावर, काकांच्या डॉक्टरसाठी. माझ्या अक्षरात. तुम्ही फक्त ती ओळ लिहा.

बाबा : खात्री नसताना?

लेक : बाबा, त्या दिवशी शिक्का तुम्ही मागितलात म्हणून मी लावला. नसता लावला तर अजून रोज विचारत बसले असते. काकांच्या दाराला शिक्का कोण लावणार? कुणीतरी न तपासता एकदा मान्य करायला हवं की नाही?

बाबा : एकोणीस वर्षं नोकरी करून तू हे म्हणतेस?

लेक : वरिष्ठांना सांगू नका.

•

(संध्याकाळ. कोपऱ्यावरची टपालपेटी.)

लेक : पत्ता नीट घातलात ना? दोन्ही पाकिटांवर?

बाबा : तीनदा बघितला. हे पुतण्याचं, हे दादाचं.

लेक : बंद करायच्या आधी मला वाचायचं होतं.

बाबा : पुतण्याच्या पत्रात ती ओळ आहे. 'तुझा बाप खोटं बोलत नाही. त्याची किल्ली त्याला दे.' एकाच्या दोन झाल्या, पण दुसरी लहान आहे.

लेक : 'शक्यता' वगैरे नाही ना कुठे?

बाबा : नाही. खाली तुझा तो कागद जोडलाय, हात धुवायचा.

लेक : आणि काकांना?

बाबा : त्याला लिहिलं, 'दादा, तू खात नाहीस. तेव्हाही खाल्ली नव्हतीस. मी खाल्ली होती.'

लेक : एवढंच?

बाबा : 'उत्तराला उशीर झाला' असं लिहायला घेतलं होतं. मग किती उशीर, ते मोजावं लागलं असतं. खोडलं.

लेक : टाका मग.

बाबा : हं.

लेक : बाबा, टाका. हात आत घालून उभे आहात मघापासून. लोक बघताहेत.

बाबा : टाकलं.

लेक : दोन्ही?

बाबा : दोन्ही. पेटी रिकामी असावी. बरंच खाली जाऊन पडल्यासारखं वाटलं.

लेक : शिक्का लावू का पेटीला?

बाबा : नको. चल, जेवायची वेळ झाली.